तो मळ नव्हता

मुलगा दहा वर्षांचा होता. त्याचे केस धुऊन देताना मानेच्या मागे मला काळपट पट्टा दिसला. वाटलं, मळ साचलाय. आठवडाभर मी तो चोळत होते. आधी नुसत्या हाताने, मग खरखरीत कापडाने, शेवटी अंग घासायच्या घासणीने. कातडी लाल झाली, तो कळवळला, "आई, निघत नाही गं ते, सोड ना," म्हणाला. मी त्यालाच रागावले, की तू नीट आंघोळ करत नाहीस. पुढे त्याच्या खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो. घसा तपासून झाल्यावर त्यांनी त्याची मान वळवून पाहिली, मग काखेत पाहिलं.

"हे चोळताय का तुम्ही?"

मी हो म्हटलं.

"चोळू नका. हा मळ नाही."

याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि त्याच्या जोरावर मानेच्या, काखेच्या घड्यांमधल्या त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. तिथली कातडी जाड, काळी आणि हाताला मखमलीसारखी लागते. वजन जास्त असलेल्या मुलाच्या मानेवर असा पट्टा दिसला, तर पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका आहे का, हे तपासावं लागतं. म्हणजे त्याचं शरीर आतून काहीतरी सांगत होतं आणि मी ते घासून काढायला निघाले होते.

मुलांच्या लठ्ठपणाबाबत आपण सगळेच हे करत आलोय, असं मला त्या दिवसापासून वाटतं. कारणं आत आहेत, घराच्या रचनेत आहेत, बाजारात आहेत. आपण मात्र वरवर दिसणारं मूल घासतोय. त्याला टोमणे मारतो, त्याच्या ताटातलं काढून घेतो, वजनकाट्यावर उभं करतो. तेवढ्याने भागलं नाही की आईला घासायला घेतो.

डॉक्टरांकडून आल्यावर मी घरच्या दोन मोठ्या माणसांशी बोलले. एकाने सांगितलं, "तुझं लक्ष नाही त्याच्याकडे." दुसऱ्याने सांगितलं, "त्याचा जिभेवर ताबाच नाही." बोलणारी माणसं मायेचीच होती. पण मुलाचं वजन वाढलं की खापर फोडायला हीच दोन डोकी सापडतात. माझं म्हणणं असं की ही दोन्ही डोकी चुकीची आहेत. आणि तरीही, इलाजाची पहिली किल्ली आईबापांच्याच हातात असते. दोष नसताना जबाबदारी घ्यावी लागते, ही गोष्ट पचायला जड आहे. मलाही ती पचायला वेळ लागला.

आधी दोषाचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९० साली जगातली ५ ते १९ वयोगटातली २ टक्के मुलं लठ्ठ होती. २०२२ साली हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं, म्हणजे १६ कोटी मुलं. नुसतं जास्त वजन असलेली मुलंही धरली तर आकडा ३९ कोटींच्या वर जातो. २०२५ साली युनिसेफने सांगितलं की याच वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय: ९.४ टक्के लठ्ठ, ९.२ टक्के कमी वजनाची. बत्तीस वर्षांत जगभरच्या आया एकदम निष्काळजी झाल्या का? सगळीकडची मुलं एकाच वेळी हावरट निघाली का? इतक्या वेगवेगळ्या देशांत, इतक्या वेगवेगळ्या घरांत एकच गोष्ट घडते, तेव्हा तिचं कारण एकेका घराच्या संस्कारांत शोधणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

काही जण अनुवंशिकतेकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे, आणि बहुतेकांना वाटतं त्याहून जास्त आहे. १९८६ साली डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांची अंगलट ज्यांनी वाढवलं त्या आईबापांशी जुळत नव्हती, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळत होती. १९९४ साली लेप्टिन या हार्मोनचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे. तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये अशी मुलं सापडली की ज्यांच्या शरीरात हे हार्मोन जवळपास तयारच होत नव्हतं. त्यांच्यातली एक मुलगी उपचार सुरू होताना नऊ वर्षांची होती आणि तिचं वजन ९४ किलो होतं. ती सतत भुकेली असायची. तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिची भूक माणसात आली, वजन उतरू लागलं. त्या मुलीलाही आधी कुणीतरी नक्कीच हावरट म्हटलं असणार. असा दोष फार थोड्या मुलांत असतो. पण भूक ही चारित्र्याची गोष्ट नाही, ती शरीराच्या रसायनांतून येते, हे त्या एका मुलीने कायमचं दाखवून दिलं.

मात्र १९९० ते २०२२ या काळात माणसाची जनुकं बदललेली नाहीत. पावसात कोण आधी भिजणार हे ती ठरवतात. पाऊस किती पडणार हे त्यांच्या हातात नसतं. मग हा पाऊस आला कुठून?

सगळ्यात मोठा वाटा अन्नाचा आहे. अन्न किती आहे याहीपेक्षा ते कसं बनवलंय याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली वीस प्रौढांवर एक प्रयोग केला. दोन आठवडे त्यांना कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं जेवण. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या दोन आठवड्यांत माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. ही मोठी, समजती माणसं होती आणि आपण प्रयोगात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. तरीही पोटाने "बस" म्हणायच्या आत हात पुढच्या घासाला गेला. हे अन्न मऊ असतं, फार चावावं लागत नाही, भराभर पोटात जातं. मग सात वर्षांच्या मुलाने त्याच्यापुढे मनोनिग्रह दाखवावा, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

आणि पेयं. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी मोकळी साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. शाळकरी मुलाच्या हिशेबात तो एक डबा दिवसाचा वरचा कोटा जवळपास संपवतो. तिथे बहुतेक पालक सावध असतात. चूक होते ती फळांच्या रसात. रस घरी काढला, वर साखर घातली नाही, तरी फळातली साखर त्यात मोकळी होते आणि संघटना ती याच हिशेबात धरते. तीन संत्री चावून खायला मुलाला वेळ लागतो, एखाद वेळी तिसरं उरतंही. तीन संत्र्यांचा रस एका दमात संपतो. मी माझ्या मुलाला चार वर्षं रोज सकाळी भरून रस दिला. सगळ्या दिवसातली माझी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणून दिला.

झोपेकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. ती कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, भूक भागल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं, आणि दमलेला मेंदू गोड नि तळलेलं मागतो. शिवाय जागं असण्याचे तास वाढले की खाण्याचे तासही वाढतात. खेळाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आणि २०१६ च्या जागतिक आकड्यांनुसार ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तिथवर पोचत नव्हती. यालाही आळशीपणा म्हणून मोकळं होऊ नये. मुलं खेळतील कुठे, त्यांना एकट्याने बाहेर सोडायची आपली छाती होते का, अभ्यासातून उरलेला तास कुठला, या प्रश्नांची उत्तरं मुलांकडे नसतात. अजून एक सांगायचं तर खेळाने तब्येत, हाडं, झोप, मन सगळं सुधारतं. पण चुकीच्या खाण्याची भरपाई खेळून होत नाही. "खाऊ दे, खेळून जिरवेल" हा हिशेब कागदावरसुद्धा जुळत नाही.

काही गोष्टी तर मूल जन्मायच्या आधीच ठरू लागतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. तेव्हा गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात ज्यांच्या आयांची उपासमार झाली, ते मुलगे एकोणीस वर्षांचे झाल्यावर त्यांच्यात लठ्ठपणा जास्त आढळला. पोटात असताना टंचाई अनुभवलेलं शरीर पुढे साठवणूक करायला शिकतं, असं मानलं जातं. ज्या समाजांनी एकाच पिढीत भूक आणि सुबत्ता दोन्ही पाहिली, त्यांना हे फार लागू आहे.

इतकं सगळं मांडल्यावर कुणी म्हणेल, मग आईबापांच्या हातात उरलं काय? पुष्कळ उरलं. पण त्यातलं बरंचसं पहिल्या पाच-सहा वर्षांत आहे, आणि तिथे आपण बहुतेक उलटं वागतो.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरणार, हे निसर्गाच्या हिशेबाने बरोबरच आहे. नेमकी तेव्हाच "आमचा जेवतच नाही हो" ही तक्रार सुरू होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआयसुद्धा याच काळात खाली येतो. वर्षाच्या बाळाचा तो १७ च्या आसपास असतो, पाच-सहा वर्षांच्या मुलाचा १५ च्या आसपास. त्यानंतर तो पुन्हा चढायला लागतो. म्हणजे पाच वर्षांचं निरोगी मूल बारीकच दिसायला हवं. हातपाय लांब, बरगड्या थोड्या दिसणाऱ्या. हा चढ जितका लवकर सुरू होतो तितका पुढच्या लठ्ठपणाचा धोका जास्त, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८४ सालीच दाखवलं. आणि आपण काय करतो? मूल सुकलं म्हणून हळहळतो, त्याच्या अंगाला काही लागत नाही म्हणून भरवत सुटतो. मराठीत गुटगुटीत हा शब्द किती लाडाने उच्चारला जातो! बाळ वर्षाचं असताना तो लाड ठीक आहे. सहा वर्षांच्या मुलाकडून आपण त्याच शब्दाची अपेक्षा ठेवतो, तिथे घोटाळा होतो.

मी माझ्या मुलाला तीन वर्षांचा असताना कार्टून लावून भरवायचे. पडद्यावर काही हललं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. तो चावायचा, गिळायचा, पण डोळे पडद्यावर. आपण काय खातोय हे त्याला कळायचंही नाही. त्याने मान फिरवली की मी म्हणायचे, "एवढा एकच घास." तो एकच घास पाच-सहा वेळा व्हायचा. वाटी रिकामी झाली की माझ्या जिवाला बरं वाटायचं. मान फिरवणं म्हणजे "माझं पोट भरलं" हे बिनशब्दाचं वाक्य आहे. मी ते दोन वर्षं, रोज दोनदा, त्याच्या तोंडातल्या तोंडात बुजवून टाकलं.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मला गलबलून आलं. बार्बरा रोल्स आणि लीअॅन बर्च यांनी लहान मुलांना कधी थोडं, कधी जास्त वाढून दिलं. तीन वर्षांच्या मुलांनी समोर कितीही असलं तरी जवळपास तेवढंच खाल्लं. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र ताटात जास्त दिसल्यावर जास्त खाल्लं. तीन वर्षांचं मूल पोटाला विचारून थांबतं, पाच वर्षांचं ताटाला विचारून. मधल्या काळात त्यांना हे शिकवतं कोण, याचं उत्तर मला माझ्या स्वयंपाकघरात सापडलं.

दुसरी चूक बक्षिसाची. "भाजी संपवलीस तर चॉकलेट." या वाक्यातून मूल दोन गोष्टी शिकतं: भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट ही त्यातून सुटल्याची पावती. बर्च यांनी १९८४ साली दाखवलं होतं की बक्षीस लावून प्यायला लावलेलं पेय मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागतं. नवी चव मुलाला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, मग ती ओळखीची होते. आपण तिसऱ्या वेळेला "याला हे आवडत नाही" असा शिक्का मारतो आणि तो शिक्का आयुष्यभर त्याच्यामागे लागतो.

तिसरी चूक मी डॉक्टरांकडून आल्यावर केली आणि ती आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट होती. मी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला, जेवताना त्याच्या ताटावर पहारा ठेवायला लागले, आणि बाकी घर पूर्वीसारखंच खात राहिलं. महिन्याभरात त्याच्या पुस्तकांच्या कप्प्यामागे मला रिकामी वेष्टनं सापडली. घडी घालून, चपटी करून, एकावर एक नीट ठेवलेली. ती नीटनेटकी घडी मला सगळ्यात जास्त बोचली. दहा वर्षांचं मूल लपून खायला शिकलं होतं आणि पुरावा लपवायलाही शिकलं होतं. फिशर आणि बर्च यांनी १९९९ साली हेच मोजलं होतं. समोर दिसणाऱ्या खाऊवर बंदी घातली की मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलतात, जास्त मागतात, आणि संधी मिळताच जास्त घेतात.

टोमण्यांबद्दल तर काय बोलावं. "जाड्या", "हत्ती", "एवढं पुरे आता". हे प्रेमाने म्हटलं जातं असं आपण स्वतःला सांगतो. ज्या मुलांना वजनावरून चिडवलं जातं त्यांचं वजन पुढच्या वर्षांत कमी होत नाही, उलट इतरांपेक्षा जास्त वेगाने वाढतं, असं अमेरिकेतल्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. लाजेने कुणाचं वजन उतरत नाही. मूल पोहायला जायचं सोडतं, पळायच्या शर्यतीतून नाव काढून घेतं आणि एकटं खायला लागतं.

मग करायचं काय? मला याचं उत्तर एका इस्रायली प्रयोगात सापडलं. मोरिया गोलान यांनी १९९८ साली लठ्ठ मुलांच्या कुटुंबांचे दोन गट केले. एका गटात मुलांनाच बोलावून आहार-व्यायाम शिकवला. दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईवडिलांना बोलावलं. वर्षाअखेर दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वजनात जास्त चांगली सुधारणा दिसली, आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही त्या गटात कमी होते. ज्यांना उपचारासाठी एकदाही बोलावलं नाही, त्या मुलांना जास्त फायदा झाला! माझा सगळा युक्तिवाद या एका निष्कर्षावर उभा आहे. डाएटवर मुलाला ठेवायचं नसतं. बदलायचं असतं ते घर, आणि सगळ्यांसाठी एकसारखं.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सुचवली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं की आपण नेमकं उलट करत होतो. काय हवं ते मूल ठरवायचं आणि किती ते आम्ही. आमच्या घरात आता गोड पेय येत नाही, कुणासाठीच नाही. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर नाही, कारण डबाच नाही. कधी बाहेर खाल्लं तर सगळे मिळून, उघडपणे, मजेत खातो. टेबलावर फोन नाही, यात त्याच्या वडिलांचा फोनही आला आणि ते सगळ्यात अवघड गेलं. रात्री साडेनऊला घरातले टीव्ही-फोनचे पडदे बंद, म्हणजे आमचेही. वजनकाटा कपाटात आहे. मोजायचं असेल तेव्हा डॉक्टर मोजतात, आणि त्यांचा पहिला आग्रह वजन उतरवण्याचा नव्हताच. वाढत्या मुलाचं वजन नुसतं रोखून धरलं तरी उंची त्याला गाठत येते, असं त्यांनी सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मीही तीच आशा धरून गेले होते: "थायरॉइडचं असेल." क्वचितच असतं. थायरॉइडसारख्या हार्मोनच्या आजारात मुलाची उंची सहसा खुंटते. साध्या लठ्ठपणात मूल बहुधा वयाच्या मानाने उंचच असतं. आणि काही मुलांना घर बदलूनही पुरत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांसाठी औषधांचाही विचार करायला सांगितलं. अशा पालकांकडे हरलेले म्हणून पाहू नये. दम्याच्या मुलाला पंप दिला म्हणून आईबापांना कुणी नापास करत नाही.

"घर बदला" असं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर एक आई येते. ती संध्याकाळी साडेसातला कामावरून येते, तासभर प्रवास केलेला असतो, हातात पैसा मोजका असतो. तिच्यासाठी ताजी भाजी चिरणं आणि तयार पाकीट फोडणं यात चाळीस मिनिटांचा फरक आहे, आणि तेवढी मिनिटं तिच्याकडे नाहीत. पोट भरायला सगळ्यात स्वस्त काय, तर साखर, मैदा आणि तेल. तिला आहारावर व्याख्यान देणं मला निर्दय वाटतं. आणि हे व्याख्यान नेहमी तिलाच का? गोलान यांनी आईवडिलांना बोलावलं होतं. आपण बोलावतो ते फक्त आईला. वडील, आजी-आजोबा, सांभाळणारी माणसं यांच्यातला एक जरी मागच्या दाराने खाऊ देत राहिला तरी घर बदललेलं नसतं.

म्हणूनच सरकारने यात पडू नये, हा पालकांचा खाजगी प्रश्न आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. बाजार आमच्या घरात विचारून शिरत नाही. २००९ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना एकच कार्टून दाखवलं. एका गटाच्या कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती होत्या, दुसऱ्याच्या नव्हत्या. समोर खाऊ ठेवलेला होता. जाहिराती पाहिलेल्या मुलांनी ४५ टक्के जास्त खाल्लं. जाहिरात पाहून भूक लागते याचा मुलाला पत्ताही नसतो. एका बाजूला त्या कंपनीचे मानसशास्त्रज्ञ, चित्रकार आणि संगीतकार, दुसऱ्या बाजूला दमलेली आई. याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणणं मला पटत नाही.

नियम केले तर फरक पडतो, हे आता दिसलंय. चिलीने २०१६ साली साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, अशा पाकिटांवरची कार्टूनं काढायला लावली आणि शाळांत त्यांची विक्री बंद केली. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी जवळपास एक चतुर्थांशाने घटली. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून जास्त साखरेच्या पेयांवर कर लावला. तो साखरेच्या प्रमाणानुसार असल्यामुळे कर टाळायला कंपन्यांनी स्वतःच साखर कमी केली. पालकांनी काहीच वेगळं केलं नाही, तरी त्याच बाटलीतून मुलांच्या पोटात कमी साखर गेली. पुढे इंग्लंडमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा ८ टक्क्यांनी कमी आढळला, आणि गरीब वस्त्यांमधल्या मुलींना जास्त फायदा झाला. मुलग्यांमध्ये तो फरक दिसला नाही, म्हणजे एका कराने सगळं सुटत नाही हेही खरं. पण वस्तीतल्या प्रत्येक आईला उपदेश करून एवढं कधी साधलं असतं का?

त्यामुळे पालकांची भूमिका घराच्या उंबरठ्यावर संपते असं मला वाटत नाही. शाळेच्या उपाहारगृहात काय विकलं जातं हे विचारणं, शाळेच्या कार्यक्रमाला पेयांची कंपनी प्रायोजक कशी काय चालते हे पालकसभेत उभं राहून विचारणं, खेळाचा तास गणिताला देऊन टाकला तर तक्रार करणं, पाकिटावर ढोबळ, ठळक इशारा मागणं, हेही पालकपणच आहे. मुलाच्या ताटावर पहारा देण्यात माझी जी ताकद जात होती ती आता मी इथे लावते. पालकसभेत दोनदा मला "तुमच्या मुलाचा प्रश्न आहे म्हणून तुम्ही बोलता" असं ऐकावं लागलं. हो, म्हणूनच बोलते. वर्गातल्या इतर मुलांच्या माना मी आता पाहते. अजून तिघांच्या मानेवर तो पट्टा आहे आणि त्यांच्या घरीही तो बहुधा घासला जात असेल.

दीड वर्ष झालं. मुलगा आठ सेंटीमीटरने वाढला, वजन दोन किलोंनी. मानेवरचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. तो बारीक दिसत नाही आणि कदाचित कधी दिसणारही नाही. परवा रात्री जेवताना त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि चमचा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. जुन्या सवयीने पाहिलं. मी त्याच्या शाळेतल्या सामन्याबद्दल विचारत होते, तेच पुढे विचारलं. त्याने सांगायला सुरुवात केली, अर्धं खाल्लं, आणि उरलेलं ताटात तसंच ठेवून उठला.